मोगलाईतले मूल पडद्यावर येईल का?

दरवर्षी 17 सप्टेंबरला, हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिदिनी, मराठवाड्याबरोबरच, त्याच्यापासून पुष्कळ दूर असलेल्या आमच्या राजुऱ्यातही ध्वज उभारला जातो, याचे नवल विदर्भातल्याच अनेकांना वाटते; कारण हा तालुका 1956 पर्यंत हैदराबादच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता, प्रांतरचनेत तो नांदेडकडे आला आणि 1959 मध्ये चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याला जोडला गेला, ही हकीकत फारशी कोणाच्या कानावर गेलेली नसते. वर्धा नदीच्या या काठावर मोगलाई, म्हणजे निजामाचे राज्य, आणि त्या काठावर, बल्लारपुरापासून, इंग्रजी अंमल, अशी ज्यांच्या बालपणाची चतुःसीमा होती ती माणसे आज पंच्याऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. समारंभात त्यांना शाल-श्रीफळ मिळते. त्या वयात त्यांनी काय पाहिले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. भाषणे ठरलेली असतात: निजाम, रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी, मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, सरदार पटेल. समोर रांगेत बसवलेली मुले टाळ्या कधी वाजवायच्या एवढे शिकून घरी जातात.

या मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसवून दाखवता येईल, असा त्या काळाचा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. 2015 मध्ये ‘रझाकार’ नावाचा मराठी चित्रपट आला, 2024 मध्ये त्याच विषयावर तेलुगू चित्रपट निघाला. दोन्हींचे आवाहन प्रौढांच्या संतापाला आहे. तो संताप निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी खेड्यापाड्यांत केलेली लूट, जाळपोळ आणि हत्या हा कल्पनाविलास नव्हे. परंतु संतापाला एक खोड असते: तो जे पाहायचे ते आधी ठरवून मग पाहतो. लहान मूल तसे पाहत नाही. युद्धातल्या क्रौर्याला मुलाच्या दृष्टीतून दाखवणे म्हणजे कडू गोळी गुळात घालून देणे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. माझे मत नेमके उलट आहे. ही दृष्टी प्रौढाच्या दृष्टीपेक्षा कठोर असते, कारण तिला सबबी ठाऊक नसतात.

जपानच्या इसाओ ताकाहाता यांचा ‘काजव्यांचे थडगे’ हा 1988 चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे निराळे सांगावयास नको. कोबे शहरावर बॉम्ब पडतात, आई भाजून मरते, आणि चौदा वर्षांचा सेइता चार वर्षांच्या सेत्सुकोला घेऊन प्रथम दूरच्या मावशीकडे आणि तेथील बोलणी असह्य झाल्यावर तळ्याकाठच्या एका ओसाड आडोशाला राहावयास जातो. बॉम्ब टाकणाऱ्या शत्रूचा चेहरा एकदाही दिसत नाही. दिसतो तो गोळ्यांचा पत्र्याचा डबा, ज्यातल्या गोळ्या संपल्यावर आत पाणी घालून ते गोड पाणी बहिणीला पाजले जाते. दिसते ती मावशी, जी दुष्ट नाही, फक्त भाताचा हिशोब ठेवते. प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा हा चित्रपट मियाझाकी यांच्या ‘तोतोरो’ या निर्मळ बालचित्रपटाच्या जोडीने एकाच तिकिटात दाखवला गेला होता. असे धाडस आपल्याकडे कोणी केले असते तर पहिल्या खेळानंतरच निवेदने देण्यास शिष्टमंडळे निघाली असती.

याच्या विरुद्ध टोकाला 2008 चा ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ आहे. छळछावणीच्या अधिकाऱ्याचा अजाण मुलगा तारेच्या कुंपणापलीकडच्या ज्यू मुलाशी मैत्री करतो आणि अखेरीस त्याच्याबरोबरच मारला जातो. प्रेक्षक रडतात, परंतु ते रडणे कोणासाठी असते? ज्या ऑशविट्झमध्ये लहान मुलांना बहुधा उतरल्याबरोबरच वायुकोठडीत पाठवीत, त्या छावणीचे स्मारक सांभाळणाऱ्या संस्थेनेच, हा इतिहास समजून घेणाऱ्यांनी ज्या कादंबरीवरून चित्रपट निघाला ती टाळावी, असे 2020 मध्ये सुचवले. निरागसता ही येथे दृष्टी न राहता पडदा होते, आणि गुन्हेगाराचे घर त्या पडद्याआड सहानुभूती मिळवते.

आपल्या अरण्याच्या अधिक जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर 2022 चा ‘आरआरआर’ घ्यावा. त्याचा आरंभच आदिलाबादच्या रानातल्या मल्ली नावाच्या गोंड मुलीपासून होतो: ती गाते, गव्हर्नरच्या पत्नीच्या हातावर मेंदी काढते, आईपुढे दोन नाणी फेकली जातात, आई ती गाण्याची बक्षिसी समजते, आणि प्रत्यक्षात त्या नाण्यांनी मुलगीच विकत घेतली गेलेली असते. हे दृश्य मला फार मोठे वाटते, कारण वसाहतीचा सगळा व्यवहार त्यात एका गैरसमजात सापडतो. परंतु एवढे साधल्यावर कॅमेरा मल्लीकडे पाहतो, मल्लीच्या डोळ्यांनी पाहत नाही. पुढचे तीन तास वाघ, अग्नी आणि पराक्रम यांचे आहेत, आणि ती बिचारी सोडवली जाण्याची वाट पाहत राहते. ज्या कुमराम भीमाचे नाव नायकाला दिले आहे तो इंग्रजांशी नव्हे तर निजामी अंमलाशी जंगल-जमिनीसाठी लढला आणि 1940 मध्ये जोडेघाट येथे पडला, हे राजुरा-जिवतीकडच्या गोंड मुलांना पडद्यावरून कधी कळणार, हा प्रश्न मनोरंजनाच्या नावाखाली उडवून लावण्याजोगा नाही.

आता सर्वांत अवघड जागा. राजुरा आज ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातल्या चिमूरला, महायुद्ध ऐन भरात असताना, 16 ऑगस्ट 1942 रोजी ‘चले जाव’ चळवळीतल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा सोळा वर्षांचा मुलगा त्यात गेला. बिथरलेल्या जमावाने अधिकारी आणि पोलीस मारले. आणि पुढे गोऱ्या सैनिकांची तुकडी गावात घुसली, आणि पुरुषांची धरपकड झाल्यावर घराघरांतून स्त्रियांवर अत्याचार झाले. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपोषण केले आणि त्याच्या बातम्या छापण्यास सरकारने मनाई केली. हे कुटुंबासमवेत कसे दाखवावयाचे? दाखवू नये, हे उत्तर सोपे आहे आणि सरकारच्या त्या वेळच्या मनाईशी त्याचे नाते जवळचे आहे. मला वाटते, येथे मुलाची दृष्टी केवळ सोय म्हणून नव्हे तर मर्यादा म्हणूनच उपयोगी पडते: सहा-सात वर्षांच्या मुलीला बंद दार दिसेल, दुसऱ्या दिवशी आई तिच्याशी बोलत नाही हे दिसेल, विहिरीवर बायका एकमेकींकडे न पाहता पाणी भरतात हे दिसेल, आणि काही आठवड्यांनी नागपूरहून आलेल्या अनोळखी स्त्रिया आईला हळू आवाजात काही विचारतात हे ती उंबऱ्यावरून ऐकेल. मोठ्या प्रेक्षकाला सर्व उमगते, लहानाला काहीतरी भयंकर घडले एवढे उमगते, आणि ज्या स्त्रियांवर तो प्रसंग गुदरला त्यांची विटंबना पुन्हा एकदा होत नाही.

मग राजुऱ्याचा चित्रपट कसा असेल? माझ्या मनातले मूल आठ वर्षांचे आहे. ते उर्दू शाळेत शिकते, घरी मराठी बोलते, बाजारात गोंडी आणि तेलुगू ऐकते. नदीच्या अलीकडे निजामाचा हाली सिक्का आणि पलीकडे इंग्रजांचा कलदार चालतो, करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, शिपाई मामाचे गाठोडे उघडून पाहतो, एवढ्यावरून त्याला राज्ये दोन आहेत हे कळलेले आहे. 1948 च्या उन्हाळ्यात बाप रात्री दाराला आडणा घालून बसू लागतो. 13 सप्टेंबरला फौजा संस्थानात शिरतात, पाच दिवसांत सारे आटोपते. त्याला नाव पोलीस कारवाईचे, काम लष्कराचे. येथे बहुतेक दिग्दर्शक तिरंगा फडकवून चित्रपट संपवतील. परंतु मुलाचे दिवस 17 तारखेला संपत नाहीत. त्यानंतर संस्थानात जे सूडसत्र झाले, त्याच्या चौकशीसाठी नेहरूंनी धाडलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांनी मृतांची संख्या 27,000 ते 40,000 असावी असा अंदाज दिला, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांना सर्वाधिक झळ लागल्याचे नोंदवले, आणि तो अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून राहिला. राजुऱ्याचे नाव त्या चारांत नाही, हे नमूद केले पाहिजे. तरी माझ्या कथेतले मूल शाळा पुन्हा उघडल्यावर शेजारचा बाक रिकामा पाहते आणि मौलवीसाहेबांऐवजी दुसरेच कोणी हजेरी घेत आहे हे पाहते. त्या बाकावरचा मुलगा कोठे गेला, असे ते घरी विचारते, आणि ज्या बापाने उन्हाळ्यात भीतीने रात्री जागवल्या तोच बाप आता उत्तर टाळतो. रझाकारांचे क्रौर्य आणि नंतरचे क्रौर्य यांची तुलना करण्याचा खटाटोप त्या मुलाला करावा लागत नाही. दोन्ही त्याच्या घरासमोरून गेलेली असतात.

यावर आक्षेप येणार: मुले घाबरतील, आणि लोकांच्या भावना दुखावतील. दुसऱ्या आक्षेपाला माझ्यापाशी उत्तर नाही, कारण तो मुलांविषयी नाहीच. पहिल्याविषयी इतकेच की 2023 च्या दुरुस्तीने चित्रपट प्रमाणनाच्या कायद्यात पालकांच्या मार्गदर्शनाची 7, 13 आणि 16 वर्षांवरील अशी वर्गवारी आली आहे. राजुऱ्याची कथा पहिल्या वर्गात बसावी, चिमूरची दुसऱ्या, आणि दोन्ही वेळी घरातला कोणी वडील शेजारी असावा. त्या वडिलांना अडचणीचे प्रश्न विचारले जातील, आणि बहुतेकांना नांदेड व आदिलाबाद यांच्या त्या वर्षांविषयी आधी स्वतःच वाचावे लागेल.