गाडी पोराच्या हातात, खटला बापावर

दहावी झाली की गावोगाव पोराच्या हातात दुचाकी येते. कॉलेज तालुक्याला, एसटीची वेळ जमत नाही, बापाला शेतातून सवड नाही. अडचण खरी आहे. पण कायदा ती ऐकून घेत नाही.

गिअरची दुचाकी असो की ट्रॅक्टर, लायसन्स अठरा पूर्ण झाल्यावरच. सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. घरोघरी दिसणाऱ्या पेट्रोल स्कूटर त्याहून मोठ्या, म्हणजे त्याही चालत नाहीत.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. अपघातात कुणी दगावलं, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. तिथे शेत विकायची पाळी येते.

'आमचं पोरगं झकास चालवतं' हे पुरेसं नाही. अंधारात बिनदिव्याची उसाची ट्रॉली, वळणावरचा ओव्हरटेक, डोळ्यांवर येणारा हेडलाइट यांचा अंदाज शिकवल्याशिवाय येत नाही. अठराव्या वर्षी शिकाऊ लायसन्स काढून किमान ३० दिवस जाणत्या माणसासोबत सराव, मगच परीक्षा, हा रस्ता त्यासाठीच आहे.

तोवर एसटी हवी. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, पण कॉलेजच्या वेळेला गाडीच नसेल तर पास काय कामाचा? वेळ बदलून मागण्याचा ठराव ग्रामसभेत करून आगाराकडे पाठवता येतो.