हांकेला ओ देणारांची झोंप

संकटसमयीं हांक मारणाराकडे साऱ्यांचें लक्ष असतें. ती हांक ऐकणाराकडे सहसा कोणाचेंच नसतें.

लंडन शहरांत १९३५ च्या नोव्हेंबरांत विंपोल स्ट्रीटवरील एका घरास आग लागून पांच स्त्रिया मृत्यु पावल्या. शेजाऱ्यानें दूरध्वनी केला होता. पण त्याची हांक इतर हांकांच्या रांगेंत अडकून पडली. त्यांतूनच ३० जून १९३७ रोजीं तेथें ९९९ हा संकटक्रमांक सुरू झाला. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं १०८ ही सेवा २०१४ सालीं आली. हांक तत्काळ पोंचण्याची सोय झाली. ती ऐकणाराची सोय हा मात्र निराळा प्रश्न आहे.

चरकसंहितेंत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ मानिले आहेत. आधुनिक शास्त्रहि निद्रेस तितकेंच महत्त्व देतें. पहांटेच्या प्रहरीं देहाची उष्णता व मनाची सावधता दोन्ही उतरलेल्या असतात. शिवाय देहांतील घड्याळ बहुतेकांच्या ठायीं चोवीस तासांहून किंचित् लांब असल्यामुळें उशीरां निजणें साधतें, लवकर निजणें साधत नाहीं. म्हणून पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमानें फिरवाव्या, उलट फिरवूं नयेत. रात्रपाळ्या लागोपाठ फार देऊं नयेत. आणि दोन पाळ्यांमध्यें निदान ११ तास मोकळे ठेवावे.

मनाचाहि विचार हवा. एखाद्या मातेचा आक्रोश ऐकत तिला धीर द्यावा, उपाय सांगावे. रुग्णवाहिका पोंचली कीं संभाषण तुटतें. मूल वांचलें कीं नाहीं, हें बहुधा कळत नाहीं, आणि दुसरी घंटा वाजतच असते. अशा प्रसंगानंतर दहा मिनिटें उठूं द्यावें, जाणत्या सहकाऱ्याशीं बोलूं द्यावें. हे लाड नव्हेत. पुढील हांकेची ती तयारी होय.

आमच्या वाचकांस एवढेंच सांगावयाचें कीं, हें काम करणाऱ्या मुली व सुना आपल्यासारख्याच घरांतून येतात. रात्रभर जागून आलेली सून सकाळीं दहा वाजतां निजली, तर तिला आळशी म्हणूं नये. पाहुण्यांसाठीं उठवूं नये. तिच्या खोलीशेजारीं भांडीं आदळूं नयेत. पाळ्यांचें कोष्टक आपल्या हातीं नाहीं. घरांतील शांतता आहे.