पुळणीवरील पराक्रम

परीक्षा संपली की बेळगावच्या विद्यार्थ्याला गोव्याची आठवण व्हावी यात नवल नाही. चोर्ला घाट उतरला की तीन-चार तासांत समुद्र गाठता येतो. परंतु नुसता समुद्र पाहून हल्ली आमच्या काही मित्रांचे समाधान होत नाही. चाकांतील हवा कमी करायची, फोर-व्हील जीप पुळणीवर घालायची, वाळूच्या टेकडीवर चढवून पलीकडे उतरवायची आणि रात्री तिथेच तंबू ठोकून शेकोटी पेटवायची, याला ते सहल म्हणतात. त्यांच्या या पराक्रमाविषयी मला थोडे स्पष्ट लिहायचे आहे.

या खेळात मौज आहे, हे प्रथमच मान्य करतो. भुसभुशीत वाळूत गाडी रुतू न देता चालवणे हे कौशल्याचे काम आहे. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश १९७२ साली राष्ट्रीय करमणूक-क्षेत्र म्हणून घोषित झाला, आणि त्याचा काही भाग अशा गाड्यांना मोकळा ठेवलेला आहे. "तिथे चालते, मग इथे का नको?" असा आमच्या मित्रांचा सवाल असतो.

पण तिथेही मोकाट रान नाही. नेमून दिलेला भाग सोडून गाडी नेता येत नाही, आणि वाळूत अंडी घालणाऱ्या पक्ष्यांसाठी किनाऱ्याचा काही भाग दर वर्षी मार्च ते सप्टेंबर बंद असतो. शिवाय तो प्रदेश विस्तीर्ण आहे. गोव्यातील टेकड्यांचा पट्टा अरुंद. तो संपतो तिथे माडांच्या बागा आणि माणसांची घरे सुरू होतात. गाड्यांना एक भाग आणि निसर्गाला एक, अशी वाटणी करायला तिथे जागाच कुठे आहे?

ही टेकडी म्हणजे किनाऱ्याची शिल्लक आहे. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात तेव्हा ती शिल्लक खर्ची पडते. समुद्र शांत झाला की वाळू पुन्हा किनाऱ्यावर येते. ती धरून ठेवते एक जांभळ्या फुलांची वेल. तिचे नाव मर्यादवेल, आणि नावातच सारे आले. चाकाखाली वेल तुटली की उघडी वाळू वारा उडवून नेतो, टेकडीला खिंडार पडते आणि उधाणाच्या पाण्याला वाट मिळते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जिथे टेकड्या शाबूत होत्या, तिथे त्यांच्यामागील वस्तीला आधार मिळाला.

मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, तीही हात-दीड हात खोल. वरून काही दिसत नाही. पिल्ले बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात. नखाएवढे पाय असलेल्या त्या जिवाला चाकोरी म्हणजे खंदकच, आणि शेकोटीच्या उजेडाने ते समुद्राऐवजी जमिनीकडे वळते.

कायदा सांगायचा तर १९९१ च्या किनारा अधिसूचनेपासून वाळूच्या टेकड्यांत फेरफार करण्यास मनाई आहे, आणि गोव्यात पुळणीवर वाहन नेण्यास बंदी आहे. पण दंडाच्या भीतीने थांबणे विद्यार्थ्याला शोभत नाही. गोकाकच्या धबधब्यावर कोणी परका बाटल्या फोडून गेला तर आपण संतापतो. मग दुसऱ्याच्या गावची भिंत मोडून यायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपण दोन दिवसांनी परततो. उधाण सोसायचे ते त्या गावाने.

सहली बंद करा असे मी म्हणत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात २००२ पासून कासवांचे रक्षण चालू आहे. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्या हातचे जेवतात आणि पहाटे समुद्राकडे निघालेली पिल्ले पाहतात. त्यातही रोमांच आहे, आणि गावाला चार पैसे मिळतात. ज्यांना गाडीचीच रग जिरवायची असेल त्यांनी मालकाची परवानगी घेऊन एखाद्या पडीक माळावर खुशाल चिखल उडवावा.

माझी सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयाच्या सहलीच्या सूचनाफलकावर यंदापासून एक ओळ असावी : वाहन डांबरी रस्त्यापुढे जाणार नाही, मुक्काम गावात होईल, पुळणीवर सर्वांनी पायी जावे.