वाडी, वादळ आणि वायदा

गुंतवणुकीचे शास्त्र शिकायला मुंबईच गाठायला हवी असे नाही. सेबीने २००६ साली स्थापन केलेल्या एनआयएसएम संस्थेचे आवार पाताळगंगेला, आपल्याच जिल्ह्यात आहे.

पोर्टफोलिओ म्हणजे तरी काय हो? सुपारीत नारळ, जायफळ, मिरी लावणारा वाडीवाला तेच करतो. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले नि श्रीवर्धनकडे नारळी-पोफळी एकदमच आडव्या झाल्या. पिके चार, जागा मात्र एकच! पैसा चार ठिकाणी ठेवला, पण सगळीकडे वादळ एकच येणार असेल तर उपयोग काय?

वायदाही जुनाच. मोहोरावर बाग देणारा बागायतदार भाव पडायची धास्ती व्यापाऱ्यावर टाकतो. ते शहाणपण. जमिनीच्या मोबदल्याचे पैसे मोबाईलवरून ऑप्शनमध्ये घालणे म्हणजे मात्र ती धास्ती विकत घेणे. सेबीच्या २०२४ च्या पाहणीत, तीन वर्षांत या बाजारात उतरलेल्या शंभर व्यक्तींपैकी ९३ जण तोट्यात गेले. तोटा सरासरी दोन लाख.

सरपंच मंडळींनी मोबदला वाटपाच्या गावी ग्रामसभेला या संस्थेचा एखादा जाणकार बोलवावा. चेक वटायच्या आधी.