‘टार्गेट’ नावाची भूल

नावातच ‘टार्गेट’ आहे, म्हणजे नेम लागणारच! काळ्या दारूचे रिव्हॉल्व्हर घेणारे नवशिके इथेच फसतात, आणि अनुभवी म्हणवणारे त्यांना खुशाल फसू देतात. आपल्याकडे परवान्याशिवाय असले शस्त्र बाळगता येत नाही. पण पोर्तुगालात, इंग्लंडात स्थायिक झालेल्या कुणा गोंयकाराला हा छंद लागलाच, तर त्याने चार गोष्टी ऐकून घ्याव्यात.

इटलीच्या ब्रेशिया प्रांतात उबेर्ती, पिएत्ता यांसारखे कारखाने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृती बनवतात. त्यांतली रेमिंग्टनची प्रतिकृती नेमबाजांची लाडकी. बाजारात तिला ‘१८५८’ म्हणतात. खरे तर ते साल पेटंटाचे; जिची ही नक्कल, ती न्यू मॉडेल आर्मी कारखान्यातून बाहेर पडू लागली १८६३ मध्ये. म्हणजे नावापासूनच सैलपणा! त्यावर मागे स्क्रूने हलणारी साइट बसवली की झाले ‘टार्गेट’ मॉडेल, आणि चढली किंमत.

आता मला सांगा, साइट हलवल्याने काय होते? कागदावरच्या भोकांचा पुंजका डावीउजवीकडे, खालीवर सरकतो. वीतभर पसरलेला पुंजका वीतभरच राहतो. शिवाय ठासणीच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेणारी एमएलएआयसी ही संघटना मूळ शस्त्रावर नसलेली अशी साइट चालवून घेत नाही. तिच्या ‘मारियेट’ स्पर्धेत २५ मीटरवरून अर्ध्या तासात १३ गोळ्या झाडायच्या आणि उत्तम १० मोजायच्या. तिथे हे ‘टार्गेट’ मॉडेल दारातच अडते.

खरे दुखणे आत आहे. शिशाची गोळी सिलिंडरच्या चेंबरमध्ये ठासताना तिची कड कापली जाते आणि ती चेंबरच्या तोंडाएवढी होते. तोंड ०.४४६ इंच आणि नळीच्या खाचांचा व्यास ०.४५२ असेल, तर गोळी खाचांत नीट धरली जाणार कशी? स्वस्त प्रतिकृतींत ही तफावत नेहमीची. म्हणून घेताना चकाकी पाहू नका. सहाही चेंबर आणि नळी मापून घ्या. मानकुराद घेताना आपण देठ हुंगतो, मग इथेच डोळे का मिटायचे? तोंडे लहान निघाली तर जाणत्या कारागिराकडून रीमर फिरवून ती खाचांच्या मापाला, किंवा केसभर जास्त, आणून घ्या. कॅप घट्ट बसेल असे निपल लावा.

दारूचेही तेच. सैनिकी भार तीस ग्रेनच्या घरातला. कागदाला भोक पाडायला वीसच्या आसपास पुरतो. मग चेंबरमधली रिकामी जागा कशाने भरायची? रव्याने! आपल्या शिऱ्याच्या रव्याने. त्यामुळे गोळी चेंबरच्या तोंडाशी येते आणि नळीत शिरताना तिला कमी अंतर कापावे लागते. भार ठरला की मगच पुढची साइट कानशीने थोडी थोडी घासायची. ती जितकी खाली जाईल, तितका मार वर लागतो. घाई केलीत तर घासलेले लोखंड परत येत नाही.

‘पण मग ते अस्सल कसे राहील?’ असे शुद्धतावादी विचारतात. दीडशे वर्षांच्या मूळ वस्तूला हात लावू नये, हे मान्य. पण कालपरवा कारखान्यातून निघालेल्या वस्तूला सोवळे कसले?

नक्कल म्हणजे काय, हे गोव्याच्या माणसाला तरी कळायला हवे. गोव्यातल्या कारागिरांच्या बंदुकांची वाखाणणी अल्बुकर्कने १५१३ मध्येच पोर्तुगालच्या राजाला कळवली होती. पुढे १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर तोड्याची बंदूक जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचली. तिथल्या लोहाराला नळी साधली, पण तिचे बूड बंद करणारा आट्यांचा स्क्रू काही साधेना. तो नंतर आलेल्या पोर्तुगीज कारागिराकडून शिकावा लागला, अशी तिकडची परंपरागत कथा आहे. रूपाची नक्कल झटकन होते, मापाची करायला घाम गाळावा लागतो. ज्यांना तो गाळायचा नसेल, त्यांनी रिव्हॉल्व्हर भिंतीवर टांगावे आणि त्यावरचे ‘टार्गेट’ हे नाव तेवढे पुसून टाकावे.