मूत्राशयाचा कर्करोग : रक्तचाचणी नेमकी कोणासाठी?

बर्लिन येथे ऑक्टोबर २०२५ मध्ये झालेल्या युरोपीय कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत ‘आयएमव्हिगर ०११’ या चाचणीचे निष्कर्ष मांडले गेले. मूत्राशयाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी पुढचे औषध कोणाला द्यायचे, हे रक्त तपासून ठरवता येते, असे त्यातून दिसले. बातमी चांगलीच आहे. मात्र तिचा अर्थ ‘आता रक्तातून हा कर्करोग कळतो’ असा काढला, तर नुकसान होऊ शकते. आजार आहे का हे शोधणे आणि आजाराचे पुढे काय होईल हे सांगणे, ही दोन वेगळी कामे आहेत.

जगभरात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे २ लाख २० हजार मृत्यू झाले. निदानाच्या वेळी साधारण चारपैकी तीन रुग्णांमध्ये गाठ मूत्राशयाच्या आतल्या थरापुरतीच असते. ती दुर्बिणीतून काढता येते. पण ती पुन्हा होण्याची खोड मोठी, म्हणून वर्षानुवर्षे तपासण्या कराव्या लागतात. गाठ स्नायूपर्यंत पोहोचली असेल, तर अनेकदा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते. त्यानंतर स्कॅन स्वच्छ आला, तरी काहींचा आजार परत येतो. तो कोणाचा, हा डॉक्टरांपुढचा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर आधी साध्या रक्ततपासणीत शोधले गेले. ‘सीबीसी’च्या अहवालात पांढऱ्या पेशींचे प्रकार दिलेले असतात. न्यूट्रोफिल ७० टक्के आणि लिम्फोसाइट २० टक्के असतील, तर त्यांचे गुणोत्तर ३.५ होते. न्यूट्रोफिल वाढणे हे शरीरात दाह असल्याचे लक्षण. लिम्फोसाइट घटणे म्हणजे कर्करोगाशी लढणारी फौज कमी पडणे. हे गुणोत्तर जास्त असलेल्या रुग्णांचे आयुष्य कमी भरते, असे अनेक रुग्णालयांच्या जुन्या नोंदींतून दिसले. पण अमेरिकेतील ‘एसडब्ल्यूओजी ८७१०’ या शिस्तबद्ध चाचणीतील रुग्णांची माहिती २०१७ मध्ये याच दृष्टीने तपासली, तेव्हा या गुणोत्तरावरून ना आयुर्मानाचा अंदाज आला, ना केमोथेरपीचा फायदा कोणाला होईल हे कळले. त्यात नवल नाही. दाढ सुजली, ताप आला, स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या, तरी हा आकडा वर जातो.

बर्लिनमध्ये चर्चा झालेली तपासणी वेगळी आहे. कर्करोगाच्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात मिसळतात. रुग्णाच्या काढलेल्या गाठीतील जनुकीय बदल आधी नोंदवून घ्यायचे आणि मग नेमके तेच बदल त्याच्या रक्तात शोधायचे, अशी ही पद्धत. म्हणजे ज्याची गाठ, त्याचीच चाचणी. याच औषधाच्या आधीच्या ‘आयएमव्हिगर ०१०’ चाचणीत सरसकट सर्वांना इम्युनोथेरपी देऊन फायदा दिसला नव्हता. मात्र २०२१ मधील विश्लेषणात, ज्यांच्या रक्तात असे तुकडे होते, त्यांना फायदा झाल्याचे आढळले. तो धागा पकडून नवी चाचणी आखली गेली.

तिच्यात मूत्राशय काढलेल्या रुग्णांचे रक्त वर्षभर ठरावीक अंतराने तपासले गेले. तुकडे सापडलेल्या २५० जणांपैकी काहींना अटेझोलिझुमॅब हे औषध, तर काहींना औषधासारखे दिसणारे निष्क्रिय द्रावण दिले. आजाराविना गेलेल्या काळाचा मध्यक ४.८ महिन्यांवरून ९.९ महिन्यांवर गेला. आयुर्मानाचा मध्यक २१.१ महिन्यांवरून ३२.८ महिन्यांवर पोहोचला. ज्यांच्या रक्तात वर्षभर तुकडे सापडले नाहीत, त्यांना औषध दिलेच नाही. त्यांपैकी सुमारे ८८ टक्के दोन वर्षांनीही आजारमुक्त होते. महागड्या औषधाचा खर्च आणि त्याचे दुष्परिणाम टाळता येतील असा मोठा गट ओळखता येतो, हा या निष्कर्षाचा मोठा लाभ.

मर्यादाही आहेत. तुकडे सापडलेल्या अनेकांचा आजार औषध घेऊनही परतला. अमेरिकेत २०२१ पासून शस्त्रक्रियेनंतर निव्होलुमॅब देण्यास मान्यता आहे. त्याच्याशी येथे तुलना झालेली नाही. शिवाय गाठच हाती नसेल, तर ही चाचणी करता येत नाही. त्यामुळे निरोगी माणसाला तिचा उपयोग नाही.

आपल्याकडे शहरोशहरी ‘संपूर्ण तपासणी पॅकेज’मध्ये ‘कॅन्सर मार्कर’ही विकले जातात, म्हणून हा फरक महत्त्वाचा ठरतो. समजा, १० हजार लोकांत हा कर्करोग पाच जणांना आहे आणि एखादी चाचणी निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. मग पाच खऱ्या रुग्णांसोबत सुमारे ५०० जणांच्या मागे नाहक भीती आणि तपासण्या लागतील. उलट, पॅकेजचा अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून खरी तक्रार दुर्लक्षित राहण्याचा धोकाही तितकाच. या कर्करोगाचे निदान पक्के करणारी रक्तचाचणी आज उपलब्ध नाही.

त्याची पहिली खूण रक्तात नव्हे, लघवीत दिसते. न दुखता लघवीतून रक्त जाणे हे त्याचे नेहमीचे पहिले लक्षण. एकदा लाल लघवी होऊन पुन्हा स्वच्छ झाली, की ‘उन्हाळी लागली असेल’ किंवा ‘खडा असेल’ म्हणून विषय सोडून दिला जातो. स्त्रियांमध्ये जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकांवर महिने जातात. या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असते. रंग आणि रसायनांच्या कारखान्यांतील काही द्रव्येही कारणीभूत ठरतात. अशा व्यक्तीने रक्त एकदाच दिसले आणि थांबले, तरी मूत्रविकारतज्ज्ञांकडे जावे. लघवीची तपासणी, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन आणि दुर्बिणीतून मूत्राशयाची पाहणी, हा निदानाचा मार्ग अजूनही बदललेला नाही. नव्या रक्तचाचणीचे काम त्यानंतर सुरू होते.