अर्ध्या बेकारीचा वाली कोण?

पावसानें दडी मारून पेर वाया गेली तर त्याला दुष्काळ म्हणतात. तलाठी येतो, पैसेवारी ठरते. मिलला टाळें लागलें तर त्याला बेकारी म्हणतात. पण लातुरांत किंवा नांदेडांत दुसऱ्याचें लेंकरूं सांभाळणाऱ्या बाईला मालकीण एके दिवशीं म्हणते, ‘मावशी, बाळ आतां शाळेंत जाणार, उद्यांपासून दुपारीं दोनच तास या,’ आणि तेवढ्या बोलण्यासरशीं तिचा निम्मा पगार जातो, त्याला काय म्हणतात? त्याला नांवच नाहीं. बाई कामावर जाते म्हणून ती बेकार नव्हे. आणि मिळतें त्यांत चूल पेटत नाहीं म्हणून ती धड कामावरहि नव्हे.

ह्या बाया आभाळांतून पडलेल्या नाहींत, तुमच्याआमच्याच घरच्या आहेत. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील पुष्कळ कुटुंबें पुण्यामुंबईस गेलीं आणि तेथें बायांनीं धुणींभांडीं धरलीं. आज कंधार, मुखेड, औसा, निलंगा या तालुक्यांतील कोरडवाहू घरांतल्या लेकीसुना जवळच्या शहरांत तेंच काम धरतात. नवराबायको दोघेंहि नोकरीस जाणारीं घरें वाढलीं, तसें लेंकरूं सांभाळण्याचें काम वाढलें. लातूर हें तर शिकवण्यांचें शहर; परगांवचीं पोरें सुटींत घरीं गेलीं कीं खाणावळींत पोळ्या लाटणाऱ्या बायांचेहि तास आटतात. ‘दुसरें घर धर’ असें सांगणें सोपें आहे. सुटतात ते दुपारचे तास, आणि बाई मागणारीं घरें सगळीं सकाळचीं!

पुण्यांत मोलकरणींनीं १९८० सालीं संप केला, संघटना बांधली. अशा झगड्यांनंतर २००८ सालीं महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यांत अपघाताची मदत आहे, बाळंतपणाची आहे, मुलांच्या शिक्षणाची आहे, अंत्यविधीचीहि आहे. नाहीं तें एवढेंच, कीं काम तुटल्यावर जगावें कसें. मेल्यावर मदत, आणि जिवंतपणीं उपाशी राहिल्यास कांहीं नाहीं, असा हा हिशोब!

२०२० सालीं टाळेबंदी आली तेव्हां हें सर्वांना दिसलें. बायांना ‘येऊं नका’ असा निरोप गेला, आणि त्यांच्या घरांत काय शिजतें हें कोणी विचारलें नाहीं. पुढें एप्रिल २०२१ मध्यें सरकारनें दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली, तीहि नोंदलेल्या बायांपुरती. नोंदणीला मालकाचा दाखला लागतो. आणि बाईनें दाखला मागितला कीं मालकांस वाटतें, उद्यां ही कज्जा करणार. दाखला मागायला जावें तर असलेलें कामहि जाण्याची धास्ती.

कांहीं शहाणे म्हणतील, बेकारीचा भत्ता हें साहेबी खूळ आहे. त्यांनीं घरचाच इतिहास पहावा. काम मागणाऱ्याला सरकारनें पंधरा दिवसांत काम द्यावें, न दिल्यास भत्ता द्यावा, हें महाराष्ट्रानें १९७७ च्या रोजगार हमी कायद्यांत लिहिलें. वि. स. पागे यांची ती कल्पना. भत्ता दिवसाला निदान एक रुपया, पण तो हक्क होता. २००५ च्या देशाच्या कायद्यांत पहिले तीस दिवस मजुरीचा चौथा हिस्सा व पुढें निम्मा, असा दर घातला. तो फार थोड्यांच्या हातीं पडला, हें खरें. तरी मुखेडच्या शिवारांत खडी फोडणाऱ्या बाईला जो हक्क कायद्यानें दिला, तो तीच बाई नांदेडच्या वस्तींत राहायला आली कीं संपतो, हा कुठला न्याय? पोट कांहीं शिवेवर ठेवून येतां येत नाहीं. राज्य विमा योजनेंतल्या कारखान्याच्या कामगारांसाठीं २०१८ सालीं बेकारीची मदत सुरू झाली, २०२० सालीं ती निम्म्या पगाराइतकी केली. घर हा कारखाना नव्हे, म्हणून बाई त्यांतहि नाहीं. लोखंडे यांच्या खटपटीनें गिरणीकामगारांना १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली. ती सुटीहि पुष्कळ बायांच्या दारीं अजून यावयाची आहे.

दक्षिण आफ्रिकेंत १ एप्रिल २००३ पासून मोलकरणी, आया, माळी यांना बेकारी विम्यांत घेतलें. मालकानें पगाराच्या शेंकडा एक भरावयाचा, कामगारानें एक. चार घरांपैकीं एक घर सुटलें आणि उरलेली कमाई ठराविक रकमेखालीं गेली, तर बाकीचीं घरें चालू असतांहि तिला दावा करतां येतो. म्हणजे अर्ध्या बेकारीला तेथें नांव मिळालें. एका मालकाकडे महिन्याला २४ तासांहून कमी काम असेल तर तें धरीत नाहींत, ही मात्र त्यांतली मेख. आपल्याकडे घरागणिक तास मोजके, तेव्हां ती आणूं नये. पगार सहा हजार धरला तर मालकाचे साठ रुपये होतात. मालकीणहि बहुधा पगारदारच. तिच्याशीं आमचें भांडण नाहीं. पण साठ रुपयांनीं तिचें घर बसणार नाहीं, आणि बाकीचा भार मंडळानें व सरकारनें उचलावा.

कारागिरांना बलुतें ठाऊक आहे. नांगर मोडो न मोडो, सुताराचा वांटा खळ्यावर निघे, कारण तो वर्षभर हाताशीं राही. बलुत्यांत जातीची वेठ होती, तें मोडलें तें बरें झालें, आम्हांस परत नको. पण हाताशीं राहण्याचें मोल असतें, एवढी जाण त्यांत होती. बाळाला ताप आला कीं सकाळीं सहाला हाक मारून बोलावितात, ती बाई हाताशीं नसते तर कोण असतें?

मंडळाच्या मदतींत ‘घर सुटणें व तास कमी होणें’ हें कलम घालावें, आणि नोंदणीला मालकाच्या दाखल्याऐवजीं बाईचा स्वतःचा जबाब व दोन शेजाऱ्यांची साक्ष चालावी, अशी आमची मागणी आहे. तोंवर बायांनीं एक वही करावी. कोणतें घर, किती तास, किती पगार, कोणत्या तारखेस किती कमी झाला, हें शाळेंत जाणाऱ्या लेकीकडून रोज लिहवून घ्यावें. आणि कामगार कार्यालयांत जाल तेव्हां ती वही बरोबर न्यावी.